सीमेपलीकडील चोरी आणि राष्ट्रांचा करार

बांगलादेशांत शुक्रवार हा सुट्टीचा दिवस. २०१६ च्या फेब्रुवारींत, ४ तारखेच्या गुरुवारीं रात्रीं, ढाक्याच्या मध्यवर्ती बँकेच्या संगणकांत शिरलेल्या चोरांनीं तिच्याच नांवानें न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेकडे सुमारें ९५ कोटी डॉलर देण्याच्या आज्ञा धाडल्या. बहुतेक आज्ञा अडल्या. श्रीलंकेस गेलेले २ कोटी परत मिळाले. परंतु ८ कोटी १० लक्ष डॉलर मनिला येथें पोहोंचले. तेथें सोमवारीं चिनी नववर्षाची सुट्टी होती. रक्कम अडविण्याविषयींचा ढाक्याचा संदेश तसाच पडून राहिला, आणि मंगळवारीं पैसा निघून गेला. त्यांतील पुष्कळसा जुगारगृहांत शिरला. चोरीचा पैसा हुडकण्याचा फिलिपाइन्सचा कायदा त्या वेळीं जुगारगृहांस लागूच नव्हता.

चोर एका देशांत, पैसा दुसऱ्या देशांत. पोलिसांचा अधिकार मात्र स्वतःच्या वेशीपाशीं संपतो. शिवाय संगणकांतील पुरावा पुसला जाण्यास वेळ लागत नाहीं. म्हणूनच राष्ट्राराष्ट्रांतील नियम अवश्य ठरतात.

असा पहिला मोठा करार युरोप परिषदेनें २००१ सालीं बुडापेस्ट येथें सह्यांसाठीं खुला केला. पुरावा तातडीनें राखून ठेवावा, रात्रंदिवस उत्तर देणारें संपर्कस्थान प्रत्येक देशानें ठेवावें, अशीं त्याचीं कलमें उपयुक्तच आहेत. परंतु मसुदा होत असतां बहुतेक विकसनशील देशांस त्यांत स्थान नव्हतें. दुसऱ्यांनीं लिहिलेल्या नियमांवर केवळ सही करावी काय, हा भारताचा आक्षेप होता. भारत त्यांत सामील झालेला नाहीं.

पुढें २४ डिसेंबर २०२४ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनें स्वतंत्र करार मंजूर केला; त्यावर सह्या करण्यास ऑक्टोबर २०२५ मध्यें हनोई येथें प्रारंभ झाला. या मसुद्याच्या वाटाघाटींत लहान देशही बसले होते, आणि तांत्रिक साहाय्याचें प्रकरणही त्यांत आहे. मात्र चार वर्षें वा अधिक कैदेस पात्र अशा कोणत्याही गुन्ह्याचा संगणकीय पुरावा त्याअन्वयें मागतां येतो. जेथें सरकारवरील टीकाच असा गुन्हा ठरते, तेथें हें साधन प्रजेवरच उलटूं शकेल. मतांसाठीं छळ होत असल्यास नकार देण्याची मुभा करारांत आहे. ती वापरण्याचें धैर्य मात्र प्रत्येक सरकारापाशीं असलें पाहिजे.

सही करण्यास खर्च येत नाहीं. खर्च येतो तो तज्ज्ञ तयार करण्यास, प्रयोगशाळा उभारण्यास आणि सुट्टीच्या दिवशींही आलेला संदेश वाचणारा अधिकारी नेमण्यास. तेवढें बळ गरीब देशांच्या अंगीं आलें, तरच करारांतील शब्द त्यांच्या तिजोरीचें रक्षण करतील.