सेरेब्रल पाल्सी: बाळ उशिरा मान धरतंय का?

‘याचा बाबासुद्धा उशिराच चालला होता,’ असं आजी म्हणते आणि घरातले निश्चिंत होतात. बहुतेक वेळा आजीचं बरोबरही असतं. पण पाच महिने झाले तरी बाळ मान धरत नसेल, मुठी सतत घट्ट मिटलेल्या असतील, लंगोट बदलताना पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर येत असतील, तर वाट पाहू नका. वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरत असेल, तर ‘डावखुरा होणार’ म्हणून कौतुक नको. दुसरा हात अशक्त आहे का, ते तपासून घ्या.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला गर्भात, जन्मावेळी किंवा पहिल्या काही वर्षांत झालेली इजा. अपुऱ्या दिवसांचा जन्म, खूप वाढलेली कावीळ, मेंदूज्वर ही काही कारणं. कधी कारण सापडतच नाही. आईने ग्रहण पाहिल्यामुळे हे होत नाही. हा दोष आईच्या माथी मारणं आता थांबायला हवं.

ही इजा वाढत नाही. मूल मात्र वाढतं, आणि ताठ स्नायू आखडत जातात, खुबा निसटू शकतो. म्हणून फिजिओथेरपी रोज हवी आणि डॉक्टर सांगतील तेव्हा खुब्याचा एक्स-रे. मालिशवाल्या बाईंना जोर लावून पाय सरळ करू देऊ नका.

सगळ्यात जास्त चुका भरवताना होतात. आडवं झोपवून, मान मागे टाकून भरवलं की घास श्वासनलिकेत जातो आणि वारंवार न्यूमोनिया होतो. बाळाला सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली ठेवा, मऊ घट्टसर अन्न छोट्या चमच्याने द्या. घाई नको. जेवताना खोकला येत असेल तर डॉक्टरांना सांगा.

बोलता येत नाही म्हणजे समजत नाही, असं धरून चालू नका. अनेक मुलांची बुद्धी उत्तम असते. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलताना सांभाळून बोला.

जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, यूडीआयडी कार्ड काढा. ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो.

आणि तपासणीला येताना बाळाचे भरवतानाचे, लंगोट बदलतानाचे व्हिडिओ मोबाईलवर आणा. दवाखान्यात बाळ रडतं, आणि रडताना कुठल्याही बाळाचे पाय ताठच असतात.