ऑपरेशन यशस्वी झालं, पण खरी परीक्षा घरी आल्यावर. किडनी ट्रान्सप्लांट आणि हार्ट सर्जरीच्या पेशंटचा ताप साधा का नसतो?

३ डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाच्या हृदयाचं जगातलं पहिलं प्रत्यारोपण केलं. पेशंटचं नाव लुई वॉशकान्स्की. नवं हृदय व्यवस्थित चाललं होतं, तरी १८ व्या दिवशी ते गेले. कारण होतं न्यूमोनिया. शरीराने हृदय नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी जंतूंशी लढायची ताकदच कमी केली होती.

पुढे १९८३ मध्ये सायक्लोस्पोरिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि बसवलेले अवयव जास्त टिकू लागले. पण मूळ पेच आजही तोच आहे. प्रतिकारशक्ती जागी ठेवली तर ती नव्या किडनीवर तुटून पडते, दाबली तर जंतूंना रान मोकळं होतं.

आता हे शिराळ्याच्या माणसाला कशाला सांगायचं? कारण ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, पण पेशंट परत येतो तो वारणा खोऱ्यातल्या आपल्या गावी. तिथलं धो धो पावसाळ्यातलं भातशेत, गोठा, कडबा हे सगळं त्याचं रोजचं जग. त्यामुळे पहिला ताप बहुतेक वेळा गावातच येतो.

धोका कधी, कशाचा?

पहिल्या महिन्यात भीती असते ती जखमेची, लघवीच्या नळीची आणि हॉस्पिटलमधल्या जंतूंची. दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात औषधांचा जोर जास्त असतो. या काळात सायटोमेगॅलो नावाचा विषाणू, न्यूमोसिस्टिस हा फुफ्फुसाचा आजार आणि आपल्याकडे टीबी डोकं वर काढतो. म्हणून काही औषधं आजार होण्याआधीच सुरू ठेवतात. सहा महिन्यांनंतर धोका कमी होतो, संपत नाही.

गावातले धोके वेगळे. उंदराच्या मुतामुळे दूषित झालेल्या चिखलातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर असेल तर जंतू सहज आत शिरतात. ओल्या कडब्याच्या आणि शेणाच्या धुळीतून बुरशी फुफ्फुसात जाते. म्हणून अशा पेशंटनं भातलावणीला उतरू नये, गोठा झाडू नये, पाणी उकळून प्यावं.

साधा ताप का नसतो?

स्टेरॉइडमुळे ताप दबलेला राहतो. आत मोठं इन्फेक्शन असूनही अंग फक्त कोमट लागतं. १००.४ फॅरनहाइट किंवा त्यापेक्षा जास्त ताप, थंडी वाजणं, दम लागणं, लघवी कमी होणं, नव्या किडनीच्या जागी दुखणं, यातलं काहीही दिसलं तर 'उद्या बघू' चालत नाही. त्याच दिवशी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना फोन करायचा.

आणि इथंच औषधांचा घोळ होतो

अंगदुखीवर सर्रास दिलं जाणारं डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेनची गोळी थेट किडनीला मारक ठरू शकते. क्लॅरिथ्रोमायसिन किंवा फ्लुकोनॅझोल घेतलं तर रक्तातलं टॅक्रोलिमस एकदम वाढतं आणि त्याचा विषारी परिणाम होतो. उलट टीबीवरचं रिफॅम्पिसिन त्याची पातळी पाडतं आणि शरीर किडनी नाकारायला लागतं. पपनससुद्धा पातळी वाढवू शकतं. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही, पण डोस बदलून आणि रक्त तपासूनच द्यायची असतात. तब्येत बरी वाटते म्हणून रोजच्या गोळ्या स्वतःहून बंद करणं तर त्याहून महागात पडतं.

हार्टच्या पेशंटचं काय?

बायपासनंतर छातीच्या हाडावरची जखम जपावी लागते. जखमेतून पू येणं, ती लाल होणं किंवा खोकताना छातीत कटकट आवाज येणं म्हणजे लगेच दाखवायचं. शुगर ताब्यात नसेल तर हा धोका वाढतो.

ज्यांची झडप बदलली आहे त्यांच्यासाठी ताप आणखी गंभीर. जंतू नव्या झडपेवर घर करू शकतात. त्यामुळे अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर घ्यावं लागतं. आधीच गोळ्या दिल्या तर जंतू सापडत नाही आणि उपचार चुकतो. दात काढण्याआधीही डॉक्टरांना झडपेबद्दल सांगायचं, कारण आधी अँटिबायोटिकचा डोस लागतो. वॉरफरिन चालू असेल तर मेट्रोनिडॅझोल आणि कोट्रायमोक्सॅझोलसारख्या औषधांनी रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. अशा वेळी आयएनआर तपासणी लवकर करावी लागते.

लसींचंही तसंच. फ्लू आणि न्यूमोनियाची लस ट्रान्सप्लांटच्या पेशंटला घेता येते, पण तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस, गोवर किंवा कांजिण्यांची लस अशा जिवंत लसी सहसा देत नाहीत.

यातलं बरंचसं एका कागदावर मावतं. ऑपरेशनची तारीख, चालू औषधं, ॲलर्जी आणि सर्जरी केलेल्या हॉस्पिटलचा फोन नंबर. हा कागद खिशात असला, की शिराळ्याच्या दवाखान्यातले डॉक्टरही सुई उचलण्याआधी एक फोन करतील. कित्येकदा तेवढ्या एका फोनवर किडनी वाचते.