जुन्या गाडीची सीट

जुन्या गाडीची सीट सगळीकडून सारखी झिजत नाही. आपल्याकडे चालक उजव्या दाराने आत शिरतो, त्यामुळे त्याच्या सीटची उजवी कड दर चढ-उताराला घासली जाते. आधी रेक्झिन चिरते, मग उघड्या पडलेल्या फोमचा पिवळा भुगा होऊन खाली सांडतो. त्याच वेळी बैठकीचा फोम मधोमध दबतो आणि खालच्या स्प्रिंगा टोचू लागतात. वरचे फाटणे लगेच दिसते, पण पाठ दुखते ती खालच्या दबण्याने. हाताशी पैसा थोडा असेल तर तो आधी याच खालच्या भागावर लावावा.

गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूरसारख्या गावांतून मारुती 800 आणि ओम्नी अजून वापरात दिसतात. पहिलीचे उत्पादन 2014 साली थांबले, दुसरीचे 2019 साली. अशा गाडीला कंपनीची कोरी सीट शोधण्यापेक्षा दोन मार्ग परवडतात: आपलीच सीट पुन्हा भरून घेणे, किंवा त्याच मॉडेलची बऱ्यापैकी सीट भंगारातून आणणे.

काम बोल्टपासून सुरू होते. सीट पुढे सरकवून मागचे बोल्ट आणि मागे सरकवून पुढचे बोल्ट काढतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री तेल सोडून ठेवले तर तो सहसा तुटत नाही. सीट बाहेर आली की मॅट उचलून पत्रा पाहायलाच हवा. पावसाळ्यात मॅटखाली मुरलेल्या पाण्याने तो आतून खाल्लेला असतो, आणि कुजलेल्या पत्र्यावर बसवलेली चांगली सीटही धोक्याचीच.

कव्हर तारेच्या रिंगांनी सांगाड्याला अडकवलेले असते. ते फाडून फेकू नये. शिवणी उसवून निघालेले तुकडे हाच नव्या कव्हरचा नमुना असतो. सांगाडा उघडा झाला की तुटकी नागमोडी स्प्रिंग बदलतात, तडा गेला असल्यास वेल्डिंग करतात. त्याआधी फोम पूर्ण उतरवलेला हवा, कारण तो ठिणगीने पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो.

स्प्रिंगांवर थेट फोम ठेवला तर तार काही महिन्यांतच त्याला कापत जाते. म्हणून मध्ये जाड कापड लागते. धानाच्या या जिल्ह्यात त्यासाठी तागाच्या बारदान्याइतके स्वस्त आणि चिवट दुसरे काही नाही. बारदाना दुहेरी घालून कडेच्या सळईला सुतळीने ताणून बांधला की वजन सगळ्या स्प्रिंगांवर वाटले जाते. हे काम कव्हरखाली झाकले जाते, म्हणून घाईत सर्रास टाळले जाते. ग्राहकाने ते समोर उभे राहून करून घ्यावे.

उतरवलेला जुना फोम सगळा टाकून देण्याची गरज नसते. दबलेला भाग चौकोनी कापून तिथे जास्त घनतेचा तुकडा सोल्युशनने चिकटवतात. बैठकीला 40 घनतेचा, म्हणजे घनमीटरला सुमारे 40 किलो वजनाचा फोम टिकतो. हलका फोम दुकानात मऊ लागतो आणि लवकर बसतो. पाठीला त्याहून नरम चालतो.

कव्हर निवडताना विदर्भाचा उन्हाळा लक्षात ठेवावा. उन्हात उभ्या गाडीतले काळे रेक्झिन चटका देते, आणि त्यातला मऊपणा टिकवणारा घटक उडून गेला की ते कडक होऊन तडकते. बैठकीला विणलेले कापड आणि घासणाऱ्या कडांना फिकट रेक्झिन, ही जोडी सर्वांत चांगली. कडेला दुहेरी शिलाई हवी.

ओम्नीत एक खबरदारी जास्त घ्यावी लागते. तिचे इंजिन पुढच्या सीटखालीच असते. सीटखालचे उष्णतारोधक अस्तर आणि झाकणाभोवतीचे रबर जीर्ण दिसले तरी काढून टाकू नये, नवे घालावे. नाहीतर उष्णता आणि वास थेट बसणाऱ्यापर्यंत पोचतो.

भंगारातली सीट घेताना रूळ सरकवून आणि पाठ रेलून पाहावी. कापड फाटके असले तरी चालते. दुसऱ्या मॉडेलची सीट मात्र टाळावी. तिच्यासाठी पट्ट्या वेल्ड करून जुळवणी करावी लागते, उंची बदलल्याने ब्रेकवरची पायाची पकड आणि समोरची नजर दोन्ही बिघडतात, आणि धडकेत सगळा ताण त्या वेल्डिंगवर येतो. नोंदणी पुस्तकातली आसनक्षमताही आपल्या मनाने वाढवता येत नाही. खासगी गाडीची 15 वर्षांनंतर नोंदणी नूतनीकरणासाठी तपासणी होते, तेव्हा असा बदल अडचणीचा ठरतो.

बसवताना मूळ मापाचेच बोल्ट वापरावेत. नवे घ्यावे लागले तर डोक्यावर 8.8 असा आकडा पाहून घ्यावा. सीटपट्ट्याचे कुलूप कव्हरखाली दबले नाही ना, हे पट्टा लावून आणि झटका देऊन तपासावे. आठ दिवस गाडी चालल्यावर चारही बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत.