साडेतीन परस पाणी

सकाळी साडेसहा. पुरंदरच्या दुष्काळी पट्ट्यातलं गाव, नोव्हेंबरचा दुसरा आठवडा. शाळेतल्या दोघी मुली माझ्याआधीच विहिरीवर हजर. टेपच्या टोकाला लोखंडी नट बांधलाय. तो खाली जातो, पाण्याला टेकतो, 'डुबुक' असा बारीक आवाज येतो. त्याच क्षणी टेप धरायची. मग कठड्याची उंची वजा करायची, कारण पातळी जमिनीपासून मोजतात. "सहा मीटर चाळीस!" एक ओरडते, दुसरी वहीत लिहिते.

"परस किती झाले?" गावातले आबा विचारतात. एक परस म्हणजे उभा माणूस.

"साडेतीन, आबा."

आता त्यांना कळलं. म्हणून वहीत मीटरशेजारी परसाचाही रकाना ठेवलाय. नऊपर्यंत अकरा विहिरी होतात.

साडेदहा. शाळेचं छप्पर मुलांनी काल मोजलं: वीस मीटर बाय सहा. यंदाचा पाऊस 500 मिलिमीटर. गुणाकार फळ्यावर होतो, साठ हजार लिटर. "सहा टँकर!" मागच्या बाकावरून आवाज येतो. उन्हाळ्यात टँकरमागे हंडा घेऊन धावलेली ही मुलं. सहा टँकर छपरावरून ओघळून गेले, हे त्यांना मला सांगावं लागत नाही.

मग काचेची पेटी. तळाला फरशीचे तुकडे, तो काळा पाषाण. त्यावर विटांचा चुरा, तो मुरूम. त्यात दोन नळ्या. एकीतून पिचकारीने पाणी ओढलं की दुसरीतलंही उतरतं. विहिरीला झरा असतो हे मुलांना ठाऊक असतं; तो शेजाऱ्याच्या रानाखालून येतो, हे नसतं. एक मुलगा बराच वेळ पेटीकडे बघत राहतो. "म्हणजे आमच्या बोअरनं काकांची विहीर आटली?" मी घाईने उत्तर देत नाही. पिचकारी त्याच्या हातात देते.

दुपारी एक. अंगणवाडीत पाच जणी हातपंपाचं पाणी तपासणीच्या बाटलीत भरतात, तारीख-वेळ लिहितात. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर ते काळं पडेल.

तीन ते पाच बहात्तरच्या दुष्काळात बांधलेल्या पाझर तलावावर. गाळ मोजायचा.

रात्री आठ, देवळासमोर गावाच्या पाण्याचा ताळेबंद. सकाळचे आकडे मुलीच वाचून दाखवतात. उन्हाळ कांद्याला पाण्याच्या दहा-बारा पाळ्या, हरभऱ्याला दोन-तीन. कागदावर कांदा बसत नाही. "कांद्याशिवाय पैसा कुठून येणार, ताई?" प्रश्न खरा आहे, आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला मी पाण्याचं प्रवचन देऊ शकत नाही. हिवरे बाजार या गावाने शेतीसाठीचे बोअर बंद केले, दरवर्षी ताळेबंद मांडून पिकं ठरवली. पण ते गावाने ठरवलं, बाहेरून आलेल्या कुणी नाही. दोघे कांदा निम्म्यावर आणायला तयार होतात. बाकीचे उठून जातात. पुढची बैठक शनिवारी.

दहा. अंगणवाडीतली बाटली अजून पिवळसर आहे. उद्या आधी ती बघायची, मग टेप.