हिरवळीखालचा निचरा : काळ्या मातीतील अंगण आणि कृत्रिम हिरवळ

माळव्यातील इंदूर, देवास, उज्जैन या शहरांच्या कडेला वाढलेल्या अनेक वसाहती कालपर्यंत सोयाबीन पिकवणाऱ्या काळ्या जमिनीवर उभ्या आहेत. घर बांधून होते, कुंपण उभे राहते. अंगणाखालची माती मात्र शेताचीच राहते. आषाढात तिच्यात पाय रुततो आणि चैत्रात तिच्यात हात जाईल एवढी भेग पडते. या चिखलावरील तोडगा म्हणून अलीकडे कृत्रिम हिरवळ अंथरण्याकडे कल वाढला आहे. खर्च करूनही पहिल्या मोठ्या पावसात अंगणात तळे साचले, तर घरमालकाला फसवणूक झाल्यासारखे वाटते. वस्तुतः हिरवळ निचरा करीतच नाही. निचरा करतात ते तिच्याखालचे थर, त्यांचा उतार आणि पाण्याला काढून दिलेली वाट.

माती अशी का वागते?

चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट या प्रकारच्या खनिजाचे प्रमाण मोठे असल्याने ती पाणी मिळताच फुगते आणि वाळताना आकसते. उन्हाळ्यातील भेगा पहिल्या सरींचे पाणी भराभर पितात. परंतु माती फुगली की भेगा मिटतात आणि पाणी मुरण्याचा वेग घटतो. वालुकामय जमिनीत तासाला ३० मिलिमीटरहून अधिक पाणी मुरते, तर चिकणमातीत केवळ १ ते ५ मिलिमीटर. बांधकामाच्या काळात वाहनांनी माती दाबली गेली असेल, तर हा वेग आणखी मंदावतो.

एका सरीचा हिशेब

अंगण १०० चौरस मीटरचे आहे आणि तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला, असे मानू. अंगणावर ५,००० लिटर पाणी पडले. माती ताशी ५ मिलिमीटर वेगाने पाणी घेत असेल, तर ५०० लिटर मुरले आणि ४,५०० लिटर उरले. हिरवळीखाली १५ सेंटिमीटर जाडीचा स्वच्छ खडीचा थर असेल, तर त्यातील सुमारे ४० टक्के पोकळीत ६,००० लिटर पाणी मावते. अंगण कोरडे दिसते. मात्र त्या पाण्याला बाहेर जाण्यास वाट नसेल, तर ते मातीत जिरण्यास अनुकूल स्थितीतही नऊ तास लागतील आणि मुरण्याचा वेग ताशी १ मिलिमीटर असेल तर जवळजवळ दोन दिवस. तेवढ्यात पुढची सर येते. खणून खडी भरलेले, परंतु वाट नसलेले अंगण म्हणजे झाकलेला हौद होय.

शेताने शिकवलेली युक्ती

हा प्रश्न शेतीला नवा नाही. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅटने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा व सरीची पद्धत विकसित केली. तिचे मर्म एवढेच की, पीक उंचावर राहावे आणि जादा पाणी मंद उताराच्या सरीतून निघून जावे. अंगणात घालतात त्या खडीच्या चराला ‘फ्रेंच ड्रेन’ म्हणतात. हे नाव फ्रान्सवरून नव्हे, तर १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहिणारे अमेरिकी लेखक हेन्री फ्लॅग फ्रेंच यांच्यावरून पडले आहे.

काम कोणत्या क्रमाने करावे?

प्रथम ३० सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन तो पाण्याने भरावा. पाणी पूर्ण जिरल्यावर पुन्हा भरून तासाभरात पातळी किती उतरते ते मोजावे. भेगाळलेल्या कोरड्या मातीतील पहिले मोजमाप दिशाभूल करते.

छताच्या पन्हळीचे पाणी अंगणात सोडू नये. तेवढ्याच क्षेत्राचे छत पाण्याचा भार दुप्पट करते.

पाणी शेवटी कोठे जाणार, हे खोदकामापूर्वी ठरवावे. शोषखड्डा काळ्या मातीतच संपत असेल तर तो निरुपयोगी ठरतो. तो खालच्या मुरमापर्यंत पोहोचला पाहिजे.

वाफसा असताना १५ ते २० सेंटिमीटर माती काढावी. खोदलेल्या तळालाच घरापासून दूर जाणारा, दर १० मीटरला किमान १० सेंटिमीटर उतार द्यावा. बहुतेक चुका येथेच होतात. वरचा पृष्ठभाग उतरता आणि तळ सपाट राहिला, तर पाणी खडीतून खाली जाऊन तेथेच थांबते. पायाजवळची फुगणारी माती सतत ओली राहिल्यास भिंतींना तडे जाण्याचाही धोका असतो.

तळावर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड पसरावे, म्हणजे चिखल खडीत शिरत नाही. सखल कडेला चर घेऊन त्यात छिद्रे असलेला पाइप खडीत गुंडाळून बसवावा आणि तो ठरलेल्या वाटेला जोडावा. त्यावर धुतलेली २० मिलिमीटर खडी व तिच्यावर बारीक खडी पसरून दाबावी. दगडी भुकटी वापरू नये. ती पोकळ्या बुजवते. छिद्रे असलेली हिरवळ सर्वांत शेवटी.

हिरवळ कोणती?

कृत्रिम हिरवळीला पाणी व कापणी लागत नाही, हे खरे. परंतु भर उन्हात तिचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. लहान मुलांच्या अनवाणी पायांना ते सोसवत नाही. झिजताना तिचे प्लास्टिकचे सूक्ष्म तुकडे मातीत मिसळतात आणि आयुष्य संपल्यावर तिची विल्हेवाट लावणे कठीण जाते. सावलीतील, सतत वावराच्या छोट्या जागेसाठी ती सोयीची ठरू शकते. उरलेल्या अंगणात मात्र असाच उतार व चर ठेवून, कंपोस्ट मिसळलेल्या मातीच्या थरावर हरळी लावल्यास ती चांगली वाढते आणि तापतही नाही.

म्हणून खर्चाचा पहिला रुपया हिरवळीवर नव्हे, तर पाण्याच्या वाटेवर पडावा. ती वाट नीट काढली, की वर काय अंथरायचे हा आवडीचा प्रश्न उरतो.