राघूची वाटी

इंदूरला आमच्या वाड्याच्या ओसरीवर राघूचा पिंजरा टांगलेला असे. आजी त्याला नित्य दूधपोळी भरवी. दुधातील साखर पक्ष्यांना पचत नाही, हे त्या माउलीला कोण सांगणार? हिरवी मिरची मात्र तो खुशाल खाई. तिखटाची आग पक्ष्यांना जाणवतच नाही!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये देशी पोपट पाळणे आज गुन्हा आहे, आणि ते योग्यच झाले. आता घरोघरी दिसतात ते परदेशी बजरीगर आणि कॉकॅटील. त्यांच्या वाटीत पुष्कळदा नुसत्या सूर्यफुलाच्या बिया! त्यांत स्निग्धांश फार, ‘अ’ जीवनसत्त्व नाममात्र. पक्षी लठ्ठ होतो, यकृत बिघडते. त्यापेक्षा राळे, बाजरी, मोड आलेले मूग, किसलेले गाजर, मेथीची पाने द्यावीत. फळ बेताने, सफरचंद बिया काढून. अ‍ॅव्होकॅडो व चॉकलेट तर त्यांना विषच.

आणखी एक. बजरीगर दाणा सोलून खातो व टरफल वाटीतच टाकतो. धाकट्या कन्येच्या पक्ष्याची वाटी भरलेली पाहून मी एकदा दिवसभर दाणे घातलेच नाहीत. संध्याकाळी तो पिसे फुगवून गप्प बसला, तेव्हा वाटीवर फुंकर घातली. टरफले उडाली, खाली एकही दाणा नव्हता.