आधी श्वास मोजा

मूल आजारी पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘ताप किती आहे?’ मी बालरुग्ण विभागात परिचारिका आहे. मी मात्र आईला आधी विचारते, ‘बाळ अंगावर पितंय का?’ आणि बाळाला हात लावण्यापूर्वी त्याचा श्वास मोजते. चांगला सणसणीत ताप असूनही एखादं मूल खेळत असतं. उलट ताप बेताचा आणि न्यूमोनिया मात्र वाढलेला, असंही होतं. तान्ह्याला सांगता येत नाही, म्हणून आपणच पाहायचं.

त्यासाठी सेकंदकाट्याचं घड्याळ पुरे. मूल शांत असताना झबलं वर सरकवा आणि पोटाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजा. लहान मुलांचा श्वास एका लयीत नसतो, म्हणून पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त भरले, तर ते धोक्याचं लक्षण समजा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, आपल्या बायका म्हणतात तसं ‘पोट उडत’ असेल, तर लगेच दवाखाना गाठा. पोटाला डागण्या देणं किंवा उरलेलं औषध पाजणं नको.

हे सामान्य माणसाला जमतं का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या माणसांना आणि दायांना बालन्यूमोनिया ओळखून उपचार करायला शिकवलं. त्याने बालमृत्यू कमी झाले, हे १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. मोजता न येणाऱ्या दायांसाठी त्यांनी मण्यांचं साधन केलं : दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

जुलाबातही पाहणंच महत्त्वाचं. डोळे खोल गेलेत का? मूल घटाघटा पाणी पितंय का? पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती सावकाश मागे जात असेल, तर अंगातलं पाणी कमी झालंय. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच पूर्ण घोळा आणि चमच्याचमच्याने पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका. डॉक्टरांनी दिलेलं झिंक जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण द्या.

मूल पीत नाही, प्यायलेलं सगळं ओकतं, झटका येतो, किंवा हलवूनही नीट जागं होत नाही, यांपैकी एक जरी दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका. दोन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला किंवा अंग गार पडलं, तरीही तसंच.

आज मूल बरं आहे ना? मग ते झोपलेलं असताना एकदा श्वास मोजून पाहा. हाताला सवय होईल, आणि आजारपणात दवाखान्यात गेल्यावर ‘धाप लागते’ म्हणण्याऐवजी नेमका आकडा सांगता येईल.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)